डिस्कसची पिल्लं वाढवायची तर आधी पिंप भरा

माझ्या टाकीतले डिस्कस मासे बघायला घरी येणारे सगळे पहिल्यांदा खाण्याचंच विचारतात. काय घालता, किती वेळा, कुठल्या कंपनीचं? मी त्यांना जिन्याखालचं २०० लिटरचं निळं पिंप दाखवतो. रोज किती पाणी बदलणं जमेल ते आधी ठरवायचं आणि त्या मानानंच खायला घालायचं. पाणी न बदलता नुसतं खाणं वाढवलं तर पिल्लं खुजी राहतात, आणि पहिल्या काही महिन्यांत राहून गेलेली वाढ पुढे भरून निघत नाही.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, मोटार रिवायंडिंगचं काम करतो. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच; वर थोडी मोकळी सोडून साधारण २०० लिटर पाणी मावतं. त्यात अडीच इंचाची आठ-दहा पिल्लं चालतात. मोठी झाल्यावर मात्र माशामागे ४० लिटर धरायचे, म्हणजे पाचच. तळाला वाळू नाही, झाडं नाहीत. नुसती काच आणि दोन स्पंज फिल्टर. वाळूत अडकलेला खाण्याचा कण दिसत नाही, आणि २९ अंशांच्या पाण्यात तो सडायला वेळ लागत नाही.

रोज निम्मं पाणी बदललं की टाकीत कधीच दोन दिवसांच्या घाणीपेक्षा जास्त साठत नाही. रोज फक्त दहा टक्के बदललं तर तीच घाण चढत चढत दहा दिवसांच्या घाणीएवढी होते. वहीत मांडून बघा, पटेल. फिल्टर या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करतो, पण नायट्रेट टाकीतच राहतं. ते बाहेर काढायला सायफनच, म्हणजे पाणी ओढून काढायची नळीच, लागते. आणि अमोनियाला हलक्यात घेऊ नका. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७ वरून ८ वर गेला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. पाणी गरम असेल तर आणखी वाढतो.

संध्याकाळी पिंप भरायचं आणि रात्रभर एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, चालू ठेवायचा. त्यानं क्लोरीन उडून जातो, शिवाय पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन पीएच स्थिरावतो. नळाचं पाणी लगेच मोजा आणि सकाळी पुन्हा मोजा, फरक दिसेल. क्लोरीन गेला का हे बघायला ग्रामपंचायतीत वापरतात तीच ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट पुरते: थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की मी ही टेस्ट रोज करतो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते नुसत्या हवेनं जात नाही. त्याला सोडियम थायोसल्फेटचं अँटिक्लोरीन लागतं. डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि आम्लधर्मी पाण्यातला. पण टाकीत पैदास झालेली पिल्लं साडेसहा ते साडेसात पीएचमध्ये छान वाढतात. पीएच खाली आणायला औषधं ओतत बसू नका. आकडा थोडा जास्त असला तरी चालेल, रोज बदलता कामा नये.

थंडीत पिंपातही हीटर हवा. १०० लिटर पाणी २२ अंशांवरून २९ वर न्यायला साधारण ०.८ युनिट वीज लागते. ३०० वॉटच्या हीटरला त्यासाठी तीन तास तरी द्या. टाकीच्या आणि पिंपाच्या लाइनला चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावाच. हे मी हात जोडून सांगतो.

सकाळचं पहिलं खाणं झालं की अर्ध्या तासानं हीटरचं बटण बंद करायचं. पाणी उतरल्यावर गरम हीटर उघडा पडला तर काच तडकते. सायफन लावण्याआधी आतल्या काचा स्पंजनं पुसून घ्या. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ना, तो थर पुसला नाही तर नुसतं पाणी बदलून अर्धंच काम होतं. मग तळ ओढून काढा. नवीन पाणी मी कूलरच्या छोट्या मोटारीनं बारीक पाइपमधून सोडतो. तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. उरलेलं पाणी कढीपत्त्याला.

आता खाणं. अडीच-तीन इंचाच्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. मोठ्यांना दोनदा पुरे. पाच मिनिटांत संपेल एवढंच. डिस्कस तळाशी तोंडानं फुंकर मारतो, कण उडाला की टिपतो. हे चालू असेपर्यंत भूक आहे. फुंकर थांबली की डबा बंद, आणि उरलेलं सायफननं काढून टाका.

घरचं मिश्रण असं: मटणाच्या दुकानातून बोकडाचं दिल (हृदय) आणायचं, चरबी आणि शिरा पूर्ण काढायच्या, कारण ही चरबी माशाला पचत नाही. तेवढीच सोललेली कोळंबी, मूठभर उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, दोन लसूणपाकळ्या, चमचाभर स्पिरुलिना (शेवाळाची) पावडर. मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा, घरात वाद नको. कोमट जिलेटिन घालून पिशवीत पातळ थापायचं आणि फ्रीझरमध्ये ठेवायचं. मग हवा तेवढाच तुकडा मोडता येतो. या खाण्यानं पाणी लवकर खराब होतं, म्हणून ज्या दिवशी पाणी बदलणार त्याच दिवशी द्यायचं. बाकी वेळी ग्रॅन्युल्स (तयार दाणेदार खाणं) किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) मी देत नाही. ते गटारातल्या गाळात वाढतात आणि रोग आणतात.

दर आठवड्याला मासा बाजूनं बघा. अंग गोल आणि डोळा लहान दिसला तर ठीक. अंग लांबट आणि डोळा मोठा दिसायला लागला तर वाढ खुंटते आहे. रंग काळवंडला, पर मिटले, कोपऱ्यात उभा राहिला तर आधी पाणी तपासा. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा पडली तर त्याला वेगळ्या टाकीत घ्या.

२०१९ च्या ऑगस्टसारखा महापूर आला तर नळ आणि वीज दोन्हीचा भरवसा नसतो. कृष्णेची पातळी वाढल्याची बातमी आली की सगळी पिंपं भरून ठेवा, बॅटरीवरचा एअरपंप तयार ठेवा आणि त्याच दिवसापासून दिल-कोळंबी बंद करा. पिल्लांना दिवसातून एकदा चिमूटभर ग्रॅन्युल्स द्या. मोठे मासे तब्येतीनं चांगले असतील तर काही दिवस उपाशी राहिले तरी चालतात.