इंग्लंडमधल्या खेड्याचा आणि तिथल्या घराण्यांचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधल्या घराण्याचा शोध घ्यायला बसलेले बहुतेक जण आडनावापासून सुरुवात करतात. संगणकावर नाव टाकायचं, शेकडो माणसं समोर येतात, आणि त्यांतला आपला कोण हे कळायला काही मार्ग उरत नाही. माझा आग्रह उलटा आहे: आधी गाव धरा. शेजारी कोण, जमीन कोणाची, मजूर कुठून आले, चर्च कुठलं हे कळलं की घराण्याचे धागे आपोआप हाती लागतात. तुम्ही इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात घर घेतलं असेल, तिथल्या कुटुंबाशी तुमची सोयरीक झाली असेल किंवा खडकीच्या दफनभूमीतला एखादा शिलालेख वाचून तुम्हाला कुतूहल वाटलं असेल, तरी वाट हीच आहे.

पायरी १: पॅरिश शोधा

जुन्या इंग्लंडचा कारभार पॅरिशवर चालायचा. एक चर्च आणि त्याच्या हद्दीत येणारं गाव, वाड्या, शेतं मिळून पॅरिश व्हायची. तुमचं खेडं नकाशावर स्वतंत्र दिसत असलं, तरी त्याचं चर्च दोन मैलांवरच्या दुसऱ्या गावात असू शकतं, आणि तसं असेल तर सगळे कागद त्या गावाच्या नावाने ठेवलेले असतात. जेनुकी (GENUKI) या मोफत संकेतस्थळावर काउंटीनुसार, म्हणजे जिल्ह्यानुसार, पॅरिशची माहिती मिळते. आजूबाजूच्या पाच-सहा पॅरिशची नावंही वहीत लिहून ठेवा. शेतमजूर दर एक-दोन वर्षांनी मालक बदलायचे, पण सहसा चालत जाता येईल इतक्याच अंतरात.

काउंटीच्या हद्दी १९७४ साली बऱ्याच बदलल्या. अफिंग्टन हे गाव बर्कशरमध्ये होतं, ते आता ऑक्सफर्डशरमध्ये आहे. अशा गावाचे कागद कोणत्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात (जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात) आहेत, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

पायरी २: जनगणनेतून मागे जा

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण सर्वसाधारणपणे माणसांची नावं मिळतात ती १८४१ पासून. नोंदी शंभर वर्षं बंद असतात, त्यामुळे सध्या १९२१ पर्यंतच्या पाहता येतात. १९३१ ची जनगणना १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. ही पोकळी काही अंशी भरून काढते ती सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली देशभरातल्या नागरिकांची नोंदवही. तिच्यात जन्मतारखा असतात.

१९२१ वरून एकेक दशक मागे सरका. १९११ चा तक्ता घरच्या माणसाने स्वतः भरलेला आहे. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, त्यातली किती जिवंत आहेत आणि किती गेली, हे सगळं त्यात असतं. कुटुंबाचं त्यापूर्वी कुठेच न दिसलेलं दुःख कित्येकदा त्या एका आकड्यातून कळतं. १८५१ पासून नातं आणि जन्माची पॅरिश दिलेली असते. १८४१ मध्ये मात्र नातं नाही, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली उतरवलेलं असतं. चाळीस लिहिलं असेल तर माणूस चव्वेचाळीसचाही असू शकतो.

धंद्याच्या रकान्यात ‘अॅग. लॅब.’ असं वारंवार दिसेल. तो म्हणजे शेतमजूर.

महत्त्वाचं म्हणजे फक्त आपलं घर पाहून थांबू नका. गावाची सगळी पानं वाचा. सासुरवाडी दोन घरं सोडून सापडते, म्हातारी आई शेजारच्या लेकीकडे राहत असते, तेरा वर्षांचा मुलगा मोठ्या शेतकऱ्याकडे गडी म्हणून नोंदलेला असतो.

पायरी ३: दाखले

सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. ही नोंदणी सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. एका आईबापाची सगळी मुलं गोळा करायला याहून सोपी सोय नाही. दाखला तिथूनच मागवा, कारण तोच दाखला जास्त पैसे घेऊन देणारे मध्यस्थ बरेच आहेत. फ्रीबीएमडी (FreeBMD) या संकेतस्थळावर सूची फुकट पाहता येते. १८७५ पूर्वी जन्म नोंदवला नाही म्हणून दंड होत नसे, त्यामुळे काही मुलं या सूचीत सापडणारच नाहीत. त्यांच्यासाठी चर्चकडे वळावं लागतं.

पायरी ४: चर्चच्या नोंदवह्या

राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमाने १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवायला सुरुवात केली. सगळ्याच गावांच्या वह्या इतक्या जुन्या टिकलेल्या नाहीत. १६४२ ते १६६० या यादवी युद्धाच्या आणि नंतरच्या काळात पुष्कळ ठिकाणी पानं कोरी आहेत. वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल शोधा, ती वेगळ्या ठिकाणी जपलेली असते. मार्च १७५४ पासून लग्नाची नोंद ठरावीक नमुन्यात होऊ लागली आणि वधूवरांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली तिथे दिसते.

इथे डर्बीशरमधल्या ईम गावाचं उदाहरण देतो. सप्टेंबर १६६५ मध्ये या गावात प्लेग शिरला. ७ सप्टेंबरला गेलेला जॉर्ज विकार्स हा शिंप्याकडे काम करणारा माणूस पहिला बळी मानला जातो. पुढच्या वर्षी गावचा रेक्टर, म्हणजे धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, रोग बाहेर जाऊ नये म्हणून. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. आता समजा, तुम्ही सूचीत फक्त ‘हॅन्कॉक’ शोधलं. तुम्हाला एका घरातले मृत्यू मिळतील. दफनांची पानं सलग वाचली तर कळेल की आज या घरात, परवा पलीकडच्या घरात असा रोग गावभर कसा फिरला. आणि गावाबाहेर रायलीच्या शेतात गेलात तर एलिझाबेथ हॅन्कॉकने आठ दिवसांत पुरलेला नवरा आणि सहा मुलं यांची थडगी दिसतील. ही थडगी चर्चच्या आवारात नाहीत. चर्चच्या आवारात थडगं नाही म्हणून माणूस त्या गावचा नव्हता, असं कधीच धरू नये.

याच वहीत तारखांचा घोळ समजून घेता येतो. १७५१ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून ‘फेब्रुवारी १६६५’ असं लिहिलेलं दफन सप्टेंबर १६६५ च्या नंतरचं आहे, आपल्या हिशेबाने ते १६६६ मधलं. टिपून घेताना ‘फेब्रुवारी १६६५/६६’ असं लिहा.

आणखी एक काळजी घ्या. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची चाल सर्रास होती. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की त्या बाळाचं दफन झालं नाही ना, हे आधी तपासा. इंटरनेटवरच्या आयत्या वंशावळींत दोन वर्षांच्या वयात पुरलेल्या मुलाला पुढे नातवंडं झालेली दिसतात ती ही तपासणी न केल्यामुळे. अशा वंशावळी सुगावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

पायरी ५: पॅरिशची पेटी

१६०३ च्या चर्चच्या नियमांनुसार प्रत्येक पॅरिशमध्ये तीन कुलपांची पेटी असायची. तिच्यातल्या नोंदवह्यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण गरिबांचा इतिहास उरलेल्या कागदांत असतो. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसणं पॅरिशच्या गळ्यात पडलं, आणि १६६२ च्या कायद्यानंतर कोण आपल्या पॅरिशचा आणि कोण बाहेरचा यावर वाद रंगू लागले. मदत मागायला आलेल्या माणसाला न्यायाधीशांपुढे उभं करून विचारलं जायचं: जन्म कुठला, उमेदवारी कोणाकडे केली, कुठल्या मालकाकडे सलग वर्षभर चाकरी केली, लग्न कधी झालं. उत्तरं लिहून घेतली जात. लिहिता न येणाऱ्या मजुराची जीवनकहाणी त्याच्याच तोंडून मिळण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे. अविवाहित माणसाने वर्ष भरलं की त्याला त्या पॅरिशचा हक्क मिळायचा, म्हणून काही मालक गड्याला एक्कावन्न आठवड्यांच्याच बोलीवर ठेवत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव नसेल तर याच गठ्ठ्यातले पोटगीचे बंधपत्र पाहा, तिथे ते बहुधा मिळतं. खर्च पॅरिशवर पडू नये म्हणून बाप कोण हे शोधून काढण्यात अधिकारी फार तत्पर असत.

हे कागद काउंटी रेकॉर्ड ऑफिसात असतात आणि पुष्कळसे अजून इंटरनेटवर आलेले नाहीत. जाण्याआधी जागा राखून ठेवा, वाचकपत्रासाठी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. आत पेन चालत नाही, शिसपेन लागते. फोटो काढायचे असतील तर परवानगी आणि शुल्क विचारा.

मृत्युपत्रं वेगळी शोधावी लागतात: १२ जानेवारी १८५८ पासूनची सरकारी सूचीत, त्याआधीची चर्चच्या निरनिराळ्या न्यायालयांच्या दप्तरात.

पायरी ६: जमिनीचे नकाशे

मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद देणारा कागद म्हणजे टाइदचा नकाशा. चर्चला धान्याचा दहावा हिस्सा देण्याची जुनी पद्धत मोडून रोख रक्कम ठरवण्याचा कायदा १८३६ मध्ये झाला, आणि त्यासाठी इंग्लंड-वेल्सच्या बऱ्याच मोठ्या भागाची मोजणी झाली. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि सोबतच्या तक्त्यात मालक, कसणारा, शेताचं नाव, वापर आणि क्षेत्र. हा त्या गावाचा सातबाराच समजा. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत दिलेलं असतं. आपल्याला ते अवघड जाऊ नये: चार रूडचा एकर, म्हणजे एक रूड दहा गुंठे, आणि चार पर्चचा एक गुंठा. ‘२ एकर ३ रूड ८ पर्च’ म्हणजे दोन एकर बत्तीस गुंठे.

१८४१ च्या जनगणनेत सापडलेला माणूस या तक्त्यात शोधा. झोपडीसमोर त्याचं नाव कसणाऱ्याच्या रकान्यात आणि मालक म्हणून भलत्याच कोणाचं नाव असेल, तर ते घर भाड्याचं होतं. मग त्याच मालकाच्या नावापुढे आणखी किती तुकडे आहेत ते मोजा. गावात खरी सत्ता कोणाच्या हाती होती ते तिथे कळतं.

तो तुकडा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशाशी ताडून पाहा. इंग्लंडचेही जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. जुनी शेती कशी दिसायची ते पाहायचं असेल तर नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला जा. तिथे कुंपण नसलेली सामाईक मोठी शेतं अजून कसली जातात, आणि मार्क पियर्सने १६३५ मध्ये काढलेला तिथला नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

महाराष्ट्रातून सुरुवात होत असेल तर

खडकी, कामठी किंवा देवळालीच्या थडग्यावर इंग्रज शिपायाचं नाव आणि पलटण मिळाली तर उलट्या दिशेनेही गावापर्यंत जाता येतं. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. फिबिस (FIBIS) या ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या सूचीत मोफत शोध घेता येतो. जो शिपाई निवृत्त होऊन परत गेला, त्याचे कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळू शकतात, आणि त्यात भरतीच्या वेळी सांगितलेली जन्माची पॅरिश असते. ती मिळाली की वरच्या पहिल्या पायरीपासून सुरू करा.

प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून घेतली ते लगेच लिहा: रेकॉर्ड ऑफिस, गठ्ठ्याचा क्रमांक, पान. काम बऱ्यापैकी जमलं की एक प्रत गावच्या इतिहास मंडळाला आणि एक रेकॉर्ड ऑफिसला द्या. त्या गावातल्या दुसऱ्या घराण्याचा शोध घेणाऱ्याला तुम्ही वाचलेली सगळी पानं उपयोगी पडतील.