तपासणीत ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ निघाल्यास काय करावे

मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे बहुतेक कर्करोग अ‍ॅडेनोकार्सिनोमा (आतील आवरणातील ग्रंथीपेशींपासून होणारा कर्करोग) या प्रकारचे असतात. मात्र कोणताही त्रास नसताना केलेल्या कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत) कधी कधी गुदाशयात लहानशी, पिवळसर, गुळगुळीत गाठ दिसते आणि बायोप्सीत ती न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ, ठरते. अशा वेळी नेहमीच्या आतड्याच्या कर्करोगाची माहिती वाचून धास्तावू नये. या गाठीचे उपचार वेगळ्या निकषांवर ठरतात.

प्रथम अहवालात गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती वेगाने वाढतात याची श्रेणी), कडांची स्थिती (काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी आहेत का) आणि रक्तवाहिन्यांत किंवा लसवाहिन्यांत झालेला शिरकाव यांची नोंद आहे का, ते पाहावे. ग्रेड मुख्यतः केआय-67 या निर्देशांकावरून, म्हणजे विभाजनाच्या तयारीतील पेशींच्या प्रमाणावरून, ठरतो: 3 टक्क्यांहून कमी असल्यास पहिला, 3 ते 20 टक्के असल्यास दुसरा. यांतील काही राहिले असल्यास पुरवणी अहवाल मागावा. दुसरे मत घ्यायचे असल्यास कागदांसोबत गाठीच्या नमुन्याच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉकही (मेणात जपलेले तुकडे) न्यावेत.

खरा घोळ कडांच्या बाबतीत होतो. ही गाठ श्लेष्मल आवरणाच्या खालच्या थरात पसरलेली असते, त्यामुळे ती साधा पॉलिप समजून तारेच्या फासाने काढली, तर तळाशी पेशी उरण्याची शक्यता असते. कडेवर पेशी आढळल्या म्हणजे रोग पसरला, असे नव्हे. पण एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) करून व्रणाची जागा पुन्हा, अधिक खोलवर काढावी का, हे अशा गाठींचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला विचारावे. व्रण लवकर भरून दिसेनासा होतो, म्हणून गुदद्वारापासूनचे त्याचे अंतर आणि छायाचित्रे आधीच मागून घ्यावीत.

पहिल्या ग्रेडची, 10 मिलिमीटरपेक्षा लहान आणि पूर्ण निघालेली गाठ असल्यास बहुधा आणखी उपचार लागत नाहीत. 10 ते 20 मिलिमीटरच्या गाठीसाठी एमआरआय आणि तज्ज्ञांची एकत्रित चर्चा आवश्यक ठरते. त्याहून मोठ्या गाठीत लसग्रंथी तपासून बहुधा शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि प्रसार शोधण्यासाठी गॅलियम-68 डोटाटेट पेट स्कॅन (अशा गाठींच्या पेशींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेला स्कॅन) उपयोगी पडतो. क्रोमोग्रॅनिन-ए (अशा गाठींत वाढू शकणारे प्रथिन) ही रक्ततपासणी मात्र स्वतःहून करून घेऊ नये: पॅन्टोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्यांनीही तिचा आकडा वाढतो, आणि विनाकारण काळजी मागे लागते.

पहिल्या वेळी संपूर्ण मोठे आतडे पाहिले गेले नसेल, तर उरलेला भागही तपासून घ्यावा आणि पुढील तपासणीची तारीख लेखी मागावी.