ब्लू टायगर फुलपाखरू बघायचंय? मग वाळलेला खुळखुळा उपटू नका

पुण्यात निळसर फुलपाखरू दिसलं की सरसकट राणी पाकोळी म्हणतात, पण ती वेगळी, ती म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ ला आपलं राज्य फुलपाखरू झालं ते, चांगलं मोठं, काळ्याभोर मागच्या पंखांवर निळा ठसठशीत पॅच. ब्लू टायगर त्याहून लहान, पंख पसरले की ९-१० सेंटिमीटर, काळपट पंखांवर सगळीकडे फिकट निळे पट्टे आणि ठिपके, उडणं एकदम निवांत. घाई नसतेच, कारण अंगात विष असतं, पक्षी सहसा वाटेला जात नाहीत. त्याचा भाऊ डार्क ब्लू टायगर, त्याचे पट्टे बारीक आणि पंख जास्त काळे, उडताना फरक कळणं अवघड, बसल्यावर फोटो काढा.

दक्षिण भारतात हे दोघं आणि सोबत कॉमन क्रो नावाचं फुलपाखरू पावसाळ्याआधी सह्याद्रीकडून पूर्वेच्या मैदानांकडे जातात आणि पाऊस सरला की, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला, परत फिरतात. आपल्याकडे वेताळ टेकडी, तळजाई किंवा पाषाण तलावाला सकाळी ऊन तापायला लागलं की जा आणि एका जागी उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. एखाद-दुसरं फुलावर घुटमळतंय तर ते रोजचं, पण एकामागून एक सगळी एकाच दिशेला चाललीयेत, फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीयेत, तर लगेच मोबाईलच्या कंपासवर दिशा बघा, आकडा मोजा आणि फोटोसोबत आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, फोटो धूसर आला तरी टाका.

घराजवळ हवी असतील तर पिवळ्या फुलांचं खुळखुळा नावाचं झुडूप लावा. जूनमध्ये बी रात्रभर भिजवून भरपूर उन्हात पेरायचं. फुलं संपली, शेंगा वाळल्या की माळी मेलं समजून उपटतो आणि इथेच सगळं बिघडतं, कारण नर येतात ते या वाळक्यासाठीच! जवळ जाऊन बघा, वाळक्या पानाला, शेंगेला चिकटून बसतात, सोंड फिरवत राहतात, मोबाईल अगदी जवळ नेला तरी पटकन हलत नाहीत. त्यातली अल्कलॉइड्स, म्हणजे विषारी रसायनं, शोषून घेतात, त्यापासून मादीला भुलवणारा गंध बनतो, शिवाय शत्रूपासून संरक्षण. जागाच नसेल तर वाळलेल्या फांद्यांची जुडी बाल्कनीच्या ग्रिलला बांधा, भुरुंडी या रानझाडाची पण चालते.

अंडी मात्र यावर घालत नाहीत, त्याला हरणदोडीचा वेल लागतो, सोसायटीच्या कुंपणावर सोडला तर उत्तम, फक्त अळ्यांनी पानं खाल्ली म्हणून कुणाला औषध मारू देऊ नका प्लीज. आणि खुळखुळ्याचं बी विषारी असतं, लहान पोरं शेंगा वाजवायला घेतात, तर तोंडात जाणार नाही एवढं बघा.