घड्याळात वेळ असताना हरलेले डाव: ऑनलाइन रॅपिड बुद्धिबळात सुधारणा कशी करावी

ऑनलाइन रॅपिड बुद्धिबळ खेळणाऱ्या हौशी खेळाडूने आपले शेवटचे दहा हरलेले डाव उघडावेत आणि ज्या चालीने डाव हातचा गेला, त्या चालीच्या वेळी घड्याळात किती वेळ शिल्लक होता, एवढेच आधी पाहावे. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा स्वतःच्या खेळाविषयीचा माझा समज पार बदलला. वेळ पुरत नाही म्हणून मी हरतो, असे मला ठामपणे वाटत होते. प्रत्यक्षात वजीर किंवा हत्ती फुकट घालवणाऱ्या बहुतेक चाली मी पाच-सहा मिनिटे हाताशी असताना दोन-तीन सेकंदांत खेळलो होतो. ज्या धमक्या मला दिसल्या नव्हत्या, त्या ओळखता न येण्याजोग्या मुळीच नव्हत्या. कोडे म्हणून समोर ठेवल्या असत्या तर मी त्या सहज सोडवल्या असत्या. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे: जे आपल्याला येते, ते पटावर वापरण्याइतका वेळ स्वतःला कसा द्यायचा.

याची सुरुवात वेळमर्यादा निवडण्यापासून होते. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठ मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळतो तो डाव रॅपिड. त्यात दर चालीला वाढून मिळणारे सेकंद साठ चालींसाठी धरून मोजले जातात. चेस डॉट कॉम आणि लिचेस या बुद्धिबळ खेळण्याच्या दोन्ही संकेतस्थळांवर मात्र नुसता दहा मिनिटांचा डावही रॅपिडमध्ये गणला जातो आणि बहुतेक जण तोच खेळतात. चाळीस चालींचा डाव धरला, तर दहा मिनिटांत प्रत्येक चालीच्या वाट्याला पंधरा सेकंद येतात. त्याऐवजी पंधरा मिनिटे आणि दर चालीला दहा सेकंद, अशी मर्यादा निवडली, तर त्याच चाळीस चालींसाठी एकवीस मिनिटे चाळीस सेकंद मिळतात, म्हणजे प्रत्येक चालीला सरासरी साडेबत्तीस सेकंद. जागतिक रॅपिड स्पर्धेची वेळमर्यादाही हीच असते. प्रतिस्पर्धी मिळायला थोडा अधिक वेळ लागला तरी चालेल, पण शिकण्यासाठी खेळायचे असेल तर हीच मर्यादा धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट अशी की, डावाच्या शेवटी दोन हत्ती आणि चार प्यादी उरलेली असताना दहा सेकंदांची ही भर मिळत राहते, त्यामुळे जिंकलेला डाव निव्वळ घड्याळावर गमावण्याची वेळ क्वचित येते.

रॅपिड म्हणजे खऱ्या बुद्धिबळाची सावली, असे समजणाऱ्यांनी २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमी येथे झालेली महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवावी. नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांच्यातले संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि विश्वचषकाचा निर्णय रॅपिड डावांत दिव्याच्या बाजूने लागला. या विजयाबरोबरच दिव्याला ग्रँडमास्टर किताबही मिळाला.

घाईने नेमके काय होते, ते एका डावात जवळून पाहू. (पटावरच्या घराचे नाव म्हणजे उभ्या पट्टीचे ए ते एच यांपैकी एक अक्षर आणि आडव्या रांगेचा एक ते आठ यांपैकी एक अंक.) पांढरा राजासमोरचे प्यादे ई४ वर आणतो, काळा ई५ खेळतो. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा सी६ वर. पांढरा आपला उंट सी४ वर ठेवतो आणि काळा तिसऱ्याच चालीला आपला घोडा उचलून डी४ वर नेतो. या घोड्यामुळे ई५ च्या प्याद्याचे संरक्षण सुटले आहे. पांढऱ्याचा घोडा ते प्यादे मारू शकतो, शिवाय तिथून उंटाच्या साथीने एफ७ वर डोळा ठेवू शकतो. सगळे इतके सोपे दिसते की हात आपोआप पुढे जातो. मग काळा वजीर जी५ वर येतो. तो एकाच वेळी ई५ च्या घोड्यावर आणि जी२ च्या प्याद्यावर रोखलेला असतो. पांढऱ्याला अजूनही आपलेच चांगले चालले आहे असे वाटते, कारण एफ७ चे प्यादे मारले की त्याचा घोडा वजीर आणि हत्ती या दोघांवर एकदम चढतो. तो तसे करतो. काळा वजीर जी२ चे प्यादे मारतो, पांढरा हत्तीला एफ१ वर सरकवून वाचवतो, वजीर ई४ वरचे प्यादे मारून शह देतो, पांढरा उंट ई२ वर मध्ये घालतो आणि काळा घोडा एफ३ वर येऊन मात देतो. राजाभोवतीची सगळी घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली असतात आणि ई२ चा उंट वजिराने जखडलेला असल्यामुळे, म्हणजे तो हलला तर राजाच वजिराच्या माऱ्यात येत असल्यामुळे, घोड्याला मारता येत नाही. डाव सात चालींत संपला आणि घड्याळात अजून चौदा मिनिटांहून जास्त वेळ पडून आहे.

हा सापळा पाठ करून ठेवावा, असे मला सुचवायचे नाही. चौथ्या चालीला पांढऱ्याने वीस सेकंद थांबून ‘याने प्यादे का सोडले?’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला असता, तर जी५ वरची वजिराची चाल दिसण्याची शक्यता पुष्कळ होती. ती दिसली की घोड्याने डी४ वरचा घोडा मारून, पुढे किल्लेकोट करून पांढऱ्याला निवांत, चांगला डाव मिळतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल पटावर आली की आपल्या बेताकडे वळण्याआधी त्या चालीने काय बदलले, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी: कोणते घर नव्याने माऱ्यात आले, कोणत्या मोहऱ्याचे संरक्षण सुटले, कोणती उभी पट्टी किंवा कोणता कर्ण मोकळा झाला. मग आपली चाल मनात पक्की करावी आणि ती खेळण्यापूर्वी, ती खेळून झाली आहे असे समजून, प्रतिस्पर्ध्याच्या जागी बसून पाहावे. त्याला कोणते शह देता येतात, काय मारता येते आणि पुढच्या चालीला तो कशावर चालून येऊ शकतो? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत बोट पडद्यापासून किंवा हात माउसपासून दूर ठेवावा. मी सुरुवातीचे काही आठवडे चाल ठरेपर्यंत हात मांडीवर ठेवत असे. ही साधी गोष्ट कोणत्याही पुस्तकी उपदेशापेक्षा मला अधिक उपयोगी पडली. या तपासणीला सरावाने सात-आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

अर्थात प्रत्येक चालीला सारखाच वेळ देणे हाही वेळेचा अपव्ययच आहे. आपला मोहरा मारला गेल्यावर उलट मारणे एवढेच करायचे असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर तिथे अडून बसू नये. मोठा विचार तीन ठिकाणी राखून ठेवावा: सुरुवातीच्या ओळखीच्या चाली संपतात तिथे, प्याद्यांची रचना कायमची बदलणारी मारामारी होऊ घातली असेल तिथे, आणि वजिरांची अदलाबदल करून डावाच्या अंतिम टप्प्यात शिरायचे की नाही हे ठरवताना. अशा वेळी दीड-दोन मिनिटे खर्च झाली तरी वाईट वाटून घेऊ नये. पंधरा मिनिटे अधिक दहा सेकंदांच्या डावात दहाव्या चालीला घड्याळ पंधराच्या आसपास असावे, पंचविसाव्या चालीला सहा-सात मिनिटे उरावीत आणि तीन मिनिटांच्या खाली शक्यतो जाऊ नये, असा माझा ठोकताळा आहे. प्रतिस्पर्धी विचार करत असतो तो वेळही आपलाच असतो. त्या वेळात दुसरी खिडकी उघडून निरोप वाचत बसण्याऐवजी आपला सर्वांत निकामी मोहरा कोणता आणि तो कुठे असायला हवा, याचा विचार करावा.

आता हरलेल्या डावाचे काय करायचे, हे जरा तपशिलाने सांगतो, कारण प्रगती खऱ्या अर्थाने इथे होते आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. डाव संपताच स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनाचे, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रणालीचे, विश्लेषण उघडले की पटाशेजारी रंगीत खुणा आणि आकडे येतात, आपण दोन-चार चुका पाहून हळहळतो आणि पुढचा डाव सुरू करतो. अशाने काहीच मनात राहत नाही. त्याऐवजी आधी इंजिन बंद ठेवून डाव एकट्याने पुन्हा खेळून पाहावा, आपण कुठे घसरलो असे वाटते ते ठरवावे आणि त्या वेळी मनात काय होते ते लिहावे. त्यानंतरच इंजिन लावावे. कोणती बाजू किती वरचढ आहे, ते इंजिन प्याद्यांच्या मापात सांगते. त्यातही अर्ध्या प्याद्याचे चढउतार सोडून द्यावेत. मूल्यमापन एकदम दोन प्याद्यांनी किंवा त्याहून जास्त बदलले आहे, तेवढीच ठिकाणे पाहावीत. लिचेसवर ‘चुकांमधून शिका’ अशा अर्थाची सोय आहे. ती आपल्याच डावातली चुकलेली स्थिती कोड्यासारखी समोर ठेवते आणि योग्य चाल शोधायला लावते. तिचा वापर जरूर करावा.

मी यासाठी साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यातली एक नोंद अशी आहे (कारो-कान हा काळ्याचा एक प्रारंभ): ‘काळी मोहरी, कारो-कान. चाल २३. घड्याळात ६:१२. विचार ३ सेकंद. हत्ती सातव्या रांगेत नेण्याच्या नादात त्याच्या घोड्याची राजा आणि हत्तीवरची दुहेरी धमकी पाहिली नाही. तो घोडा आधीच्याच चालीला तिथे आला होता.’ बस, एवढेच. डावाचा क्रमांक, चालीचा क्रमांक, उरलेला वेळ, विचाराला दिलेला वेळ आणि चुकीचे कारण स्वतःच्या शब्दांत. अशा वीसेक नोंदी झाल्या की त्या सलग वाचाव्यात. माझ्या नोंदींत घोड्याच्या उड्या आणि मागच्या रांगेतली मात ही दोनच कारणे पुन्हा पुन्हा येत होती. मग कोडी सोडवताना मी तेच दोन विषय निवडले. लिचेसवर कोडी विषयवार मिळतात, मोफत मिळतात आणि ती खऱ्या डावांतून घेतलेली असतात.

कोडी सोडवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. पहिली चाल बरी वाटली म्हणून खेळून पाहणे, आणि चुकली तर दुसरी, ही सवय रॅपिडच्या डावात थेट नडते. संपूर्ण ओळ, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चिवट उत्तरासह, डोक्यात पूर्ण झाल्याशिवाय पहिली चाल खेळू नये. रोज अशी दहा कोडी पुरेशी आहेत. घड्याळ लावून भराभर सोडवायच्या कोड्यांमुळे ओळखीचे आकृतिबंध पक्के होतात हे खरे, पण ज्याचा दोष मुळातच घाई हा आहे, त्याने ती बेतानेच सोडवावीत.

प्रारंभिक चालींच्या अभ्यासावर हौशी खेळाडू गरजेपेक्षा फार वेळ घालवतात. पांढऱ्यासाठी एक प्रारंभ, काळ्यासाठी ई४ आणि डी४ यांना एकेक उत्तर, प्रत्येकाच्या सहा-आठ चाली आणि त्यांमागचा हेतू, एवढे वर्षभर पुरते. लिचेसच्या प्रारंभ-संग्रहात आपल्या रेटिंगच्या आसपासचे खेळाडू प्रत्यक्षात काय खेळतात तेवढेच निवडून पाहता येते; ग्रँडमास्टरांच्या विसाव्या चालीपेक्षा ते पाहणे अधिक कामाचे.

अंतिम टप्प्यातल्या थोड्याच स्थिती शिकाव्यात, पण त्या झोपेतही चुकू नयेत. पटावर दोन राजे आणि आपले एकच प्यादे उरले असताना राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या रांगेत पोहोचला की, कडेच्या पट्टीतले प्यादे सोडल्यास, चाल कोणाचीही असो, डाव जिंकता येतो; हे माहीत असले की कोणती अदलाबदल करायची याचा निर्णय क्षणात होतो. त्याचप्रमाणे, प्रतिस्पर्ध्याचा एकटा राजा कोपऱ्यात असेल तर आपला वजीर त्याच्यापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर कधीही ठेवू नये. राजा एच८ वर आणि वजीर जी६ किंवा एफ७ वर असेल, तर काळ्याला शह नाही आणि खेळायला घरही नाही, म्हणजे स्टेलमेट होऊन डाव बरोबरीत सुटतो. वजीर आणि राजा विरुद्ध राजा, तसेच हत्ती आणि राजा विरुद्ध राजा, या मातींचा संगणकाविरुद्ध सराव करावा. अंगावर तीस सेकंद असतानाही त्या न अडखळता देता आल्या पाहिजेत.

रेटिंगचा आकडा काही दिवसांत शंभरने खाली-वर होणे स्वाभाविक आहे, आणि लिचेसवरचा आकडा चेस डॉट कॉमवरच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण दोन्हीकडचे खेळाडू आणि मोजणीच्या सुरुवातीचे बिंदू वेगळे आहेत. दिवसाला दोन, फार तर तीन डाव खेळावेत. लागोपाठ दोन हरलो तर त्या दिवशी तिसरा खेळू नये; गेलेले गुण परत मिळवण्यासाठी रात्री अकरानंतर खेळलेल्या डावांच्या नोंदी माझ्या वहीत सर्वांत वाईट आहेत. मोबाइलवर खेळत असाल तर सूचनांचे आवाज बंद ठेवावेत, आगाऊ चाल लावून ठेवण्याची सोय रॅपिडसाठी बंद करावी आणि चाल पक्की करण्याआधी एकदा विचारणारी सोय सुरू ठेवावी. बोट घसरून वजीर एक घर अलीकडे पडला, ही तक्रार त्याने बरीच कमी होते. शिवाय त्या वाढीव स्पर्शाच्या क्षणात, प्रतिस्पर्ध्याला कोणता शह देता येतो, हे आणखी एकदा पाहून घेता येते.