टर्बो गाडी घाटात गरम होऊ नये म्हणून काय काय करायचं

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या सगळ्यांनीच बघितल्यात, दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत मी पण होतो. एक लिटरची टर्बो पेट्रोल, आत पाच माणसं, एसी फुल, पुढे ट्रक. नंतर कळलं की आधीच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, बोअरचं पाणी ओतलं होतं, आणि रेडिएटरची जाळी मातीने भरलेली होती, तो मात्र माझाच आळस. तेव्हापासून उन्हाळ्यात घाटाआधी जे करतो ते क्रमाने सांगतो.

पण आधी टर्बोला एवढी गरमी येते कुठून ते बघा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर टर्बोचा पंखा फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, आणि जोरात चालवली की पेट्रोल गाडीत हा धूर 900 अंशांच्या वर जाऊ शकतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात ढकलतो, आणि दाबली की हवा पण तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका देतं ना, तसंच. ती हवा थंड करायला इंटरकूलर असतो. म्हणजे पाणी, ऑइल आणि हवा, तिन्ही बघायला लागतात.

सुरुवात कूलंटपासून, सकाळी गाडी गार असताना. टाकीवर मिन आणि मॅक्सच्या रेघा असतात, लेव्हल त्यांच्यामध्ये पाहिजे. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलंय तेच कूलंट घाला, रंग बघून घेऊ नका कारण रंग कंपनीगणिक बदलतो आणि दोन वेगळ्या जातीची कूलंट एकत्र केली की कधीकधी आत गाळ होतो. घट्ट कूलंट (कॉन्सन्ट्रेट) आणलं असेल तर अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर, रेडी मिक्स असेल तर त्यात थेंबभरही पाणी नको. साधं पाणी 100 ला उकळतं, हे मिश्रण 107 च्या आसपास, आणि वर झाकणाचा दाब धरला की सव्वाशेपर्यंत टिकतं, म्हणून झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकणच बदला, स्वस्तात काम होतं. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात, ते माझ्या खिशाला चांगलंच माहितीये. आणि कूलंट सांडलं तर लगेच पुसा, चवीला गोड असतं पण विषारी, कुत्री मांजरं चाटतात.

मग जाळी. पुढून टॉर्च मारून बघा, बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतात आणि माती, किडे, पिशवीचे तुकडे त्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. बागेच्या पाईपने हळू पाणी मारायचं, जमलं तर इंजिनच्या बाजूने बाहेर. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारू नका, पातळ पत्रे वाकतात आणि हवा जायची बंद होते. ग्रिलसमोर जाडजूड गार्ड किंवा जास्तीचे लाईट लावले असतील तर काढा, तसंही गार्डवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातलीये.

फॅनची टेस्ट एक मिनिटाची, गाडी चालू करून एसी लावा, पुढचा फॅन फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने मेकॅनिककडून बघून घ्या. हायवेला फॅन नसला तरी वारा काम भागवतो, ट्रॅफिकमध्ये आणि घाटात मात्र लगेच फसता.

ऑइलकडे लोक दुर्लक्ष करतात. टर्बोचं बेअरिंग ऑइलवरच तरंगत असतं, त्यामुळे मॅन्युअलमधलाच ग्रेड, लेव्हल पूर्ण, आणि रोज ट्रॅफिक नाहीतर धूळ असेल तर सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच बदला. इंजिन थंड ठेवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या नादी मी लागत नाही. 1962 च्या अमेरिकन ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीत खरंच पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय होती, पण ती टाकी भरायचं लोक विसरायचे, शेवटी कित्येक गाड्यांचा टर्बोच काढून टाकला.

आता घाट. बऱ्याच गाड्यांचा टेंपरेचरचा काटा मुद्दाम मधेच थांबवून ठेवलेला असतो, हलला म्हणजे उशीर झालाय, आणि काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. म्हणून ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटचा, ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलवर कूलंटचं टेंपरेचर बघतो, 90 ते 100 मध्ये खालीवर होत असेल तर निवांत, 110 च्या पुढे चढायला लागलं की पाय काढायचा. चढाला चौथ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमवर पाय दाबून धरू नका, टर्बो पूर्ण ताकदीने हवा कोंबतो आणि बहुतेक गाड्यांत कूलंट फिरवणारा वॉटर पंप इंजिनवरच फिरत असल्याने तो मात्र हळू, त्यापेक्षा दुसरा तिसरा टाकून अडीच हजारच्या आसपास ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड. पुढच्या ट्रकला चिकटू नका, त्याची गरम हवा तुमच्या जाळीत येते.

घाटमाथ्यावर वडापाव दिसला की लगेच चावी फिरवायची नाही. टर्बो लालबुंद, ऑइल थांबलं की बेअरिंगमध्ये जळून कोळसा होतो. शेवटचे एक दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, नाहीतर मिनिटभर न्यूट्रलला चालू ठेवा, आणि गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारं ऑटो स्टार्ट स्टॉप घाटात बंदच ठेवा. गाडी बंद केल्यावर फॅन फिरत राहिला तर घाबरू नका, पण बॉनेट उघडं असेल तर हात लांब.

एवढं करून लाल दिवा लागलाच तर एसी बंद, हीटर फुल गरम, काचा खाली. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. बाजूला घ्या, वाफ येत असेल किंवा मिनिटभरात दिवा गेला नाही तर इंजिन बंद. अर्धा पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि इंजिनवर गार पाणी ओतणारे काका भेटतीलच, त्यांना हात जोडून थांबवा, इंजिनच्या वरच्या भागाला, हेडला, तडा जाऊ शकतो. पूर्ण गार झाल्यावर टाकीत बाटलीचं पाणी चालेल, घरी जाऊन फ्लश करून घ्या, म्हणजे सगळं काढून नवीन कूलंट भरा. थोडं अंतर जाऊन परत गरम मारली, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर आला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलेलं असू शकतं, मग चावी काढा आणि टोइंग बोलवा.