गिनी पिग पाळताय? आधी गवताचं बघा

गिनी पिग आणायचाच असेल तर एक नको, दोन माद्या आणा, एकटा असला की नुसता कोपऱ्यात मलूल बसतो. सुकं गवत चोवीस तास समोर हवंच, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात. आपल्यासारखंच त्याच्या अंगात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्या, वर थोडी कोथिंबीर चालते, पण कांदा-लसूण-बटाटा अजिबात नको (आणि दुकानदार सशाचं खाणं गळ्यात मारेल, घेऊ नका). उकाडा झेपत नाही त्याला, मे महिन्यात बाल्कनीत ठेवू नका, आत गार फरशीवर ठेवा. अर्धा दिवस तोंडच लावलं नाही तर सरळ व्हेटकडे पळा.