दुसऱ्या कानाच्या इम्प्लांटआधी: उरलंसुरलं ऐकणं वाचवण्याची तयारी

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे आतल्या कानात तार घालून आवाज विजेने पोहोचवणारं यंत्र. त्याच्या ऑपरेशनला उपाशीपोटी यायचं, जुनी फाईल आणायची, सोबत एक माणूस हवं, हे हॉस्पिटल सांगतंच. ते सोडून देते. आपणहून कुणी सांगत नाही ती गोष्ट आधी घ्या: ऑपरेशनच्या अगदी जवळच्या तारखेचा, मशीन (श्रवणयंत्र) न लावता केलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख. माझ्या पहिल्या कानाच्या वेळी शेवटचा ऑडिओग्राम जुना होता. आता त्या कानातलं किती गेलं असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, कारण मुळात किती होतं हेच कागदावर नाही.

जवळची तारीख म्हणजे आधीच्या काही आठवड्यांतली. ‘इम्प्लांट करता येईल का’ हे ठरवताना तपासणी झाली होती, तीच चालेल, असं ऐकवलं जाईल. मध्ये महिने गेले असतील तर चालणार नाही. मागे लागून नवी करून घ्या. मशीन लावून केलेली चाचणी वेगळी असते, ती इथे उपयोगाची नाही. नेहमीचा आलेख बहुतेकदा २५० हर्ट्‌झपासून सुरू होतो, म्हणून १२५ मागून घ्यावं लागतं. १२५, २५० आणि ५००: वाचवण्यासारखं जे काही आहे ते बहुधा याच डाव्या कोपऱ्यात असतं. दुसऱ्या कानात मास्किंगचा आवाज सोडलाय ना, हेही विचारा. नाहीतर ऐकतो चांगला कान आणि आकडा चढतो वाईट कानाच्या नावावर.

बूथमध्ये एक घोळ हमखास होतो. खालच्या पट्टीचा आवाज खूप वाढवला की तो कानापाशी नुसता थरथरल्यासारखा लागतो. ऐकू काहीच येत नाही, पण बोट मात्र बटणावर जातं. दाबण्याआधी स्वतःलाच विचारा, ऐकलं की जाणवलं? शंका असेल तर ऑडिओलॉजिस्टला तिथल्या तिथे सांगा आणि आलेखावर नोंद करायला लावा. बोन कंडक्शनही (कानामागच्या हाडावर कंप देऊन केलेली चाचणी) करून घ्या, ते का लागतं ते पुढे येतंय. आणि आलेखाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. नंतर देतो म्हणाले तरी तेव्हाच काढा.

एवढ्याशा उरलेल्या ऐकण्यासाठी एवढा आटापिटा का, असं घरचे विचारतातच. बोलण्यातली स्पष्टता मुख्यतः वरच्या पट्ट्यांमधून येते आणि ती इम्प्लांट देतं. पण आवाजातला चढउतार, गाण्याचा सूर, गोंगाटात एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढणं, यात खालच्या पट्टीचं स्वतःचं ऐकणं मोलाचं ठरतं. म्हणून दोन्ही एकाच कानात वापरण्याची पद्धत आली: खालचं मशीनने मोठं करायचं, वरचं विजेने द्यायचं. फ्रँकफर्टच्या फॉन इल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ती मांडली. हे शक्य होतं ते कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या गोगलगायीसारख्या नळीच्या रचनेमुळे. साधारण अडीच वेढ्यांची ही नळी. वरच्या पट्ट्या तोंडाशी, खालच्या पार आतल्या टोकाला. इलेक्ट्रोड, म्हणजे इम्प्लांटची तार, तोंडाकडून आत जातो, त्यामुळे टोकाकडचा भाग शाबूत राहू शकतो. राहीलच असं नाही. शंभर टक्के खात्री देणारा सर्जन भेटला तर दुसरं मत घ्या.

सर्जनशी बोलताना ‘या कानातलं उरलेलं ऐकणं मला हवंय’ हे वाक्य स्पष्ट उच्चारा, फाईलमध्ये लिहून घ्या आणि तो ताजा ऑडिओग्राम टेबलावर ठेवा. हो, परत तेच! आलेख समोर नसेल तर ही सगळी चर्चा हवेत राहते. मग इलेक्ट्रोडचा विषय काढा. बाहेरच्या भिंतीला धरून जाणारा सरळ, लवचिक इलेक्ट्रोड ऐकणं वाचवण्यासाठी बऱ्याचदा निवडतात. आधीच वळवलेला मधल्या गाभ्याला बिलगून बसतो. लांबीत खरी मेख आहे. आखूड घेतला तर टोकाकडच्या भागाला धोका कमी, पण पुढे उरलेलं ऐकणं गेलंच तर त्या भागापर्यंत इम्प्लांट पोहोचत नाही. तुमचं ऐकणं वर्षागणिक घसरत आलं असेल तर हे नीट तोलून बघा. सीटी स्कॅनवरून नळीची लांबी मोजता येते, ती मोजलीय का विचारा.

ऑपरेशन थिएटरमधलं आपल्या हातात नसतं, पण विचारता येतं. हळुवार शस्त्रक्रियेचं तंत्र हॅनोव्हरच्या लेनहार्टनी १९९३ मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा प्रश्न आगाऊ वाटेल म्हणून गप्प बसू नका. आत राउंड विंडोतून (कॉक्लियाच्या तोंडाशी मुळात असलेल्या पडदा लावलेल्या खिडकीतून) जाणार की वेगळं भोक पाडणार? ड्रिल ऐरणीच्या हाडाला लागू न देणं महत्त्वाचं, कारण तो दणका हाडांच्या साखळीतून थेट आतल्या कानात जातो. कॉक्लिया उघडण्याआधी रक्त थांबलेलं आणि हाडाचा चुरा धुतलेला हवा. उघडल्यावर त्या तोंडावर सक्शन नको. इलेक्ट्रोड सावकाश सरकवायचा, अडला तर जोर करायचा नाही. सरकवताना कानाचा प्रतिसाद मोजणारी इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफीची सोय असेल तर उत्तमच.

स्टेरॉइड देणार का, आधी की नंतर, गोळी की शिरेतून, हे भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही विचारा. पद्धती वेगवेगळ्या आहेत. मधुमेह असेल तर आधीच सांगा, साखर चढते. जेंटामायसिनच्या जातीची औषधं आतल्या कानाला घातक असतात. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी चालू असतील तर लपवू नका. न्यूमोकोकसची लस मेंदूज्वर टाळण्यासाठी लागते, तीही वेळेत. सर्दी झाली, कान वाहायला लागला, तर फोन करा. तारीख पुढे गेली तर गेली. आणि बरीच पुढे गेली तर ऑडिओग्राम पुन्हा. कंटाळा करू नका.

ऑपरेशननंतर थोडक्यात: नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून. पहिले काही आठवडे पडद्यामागे रक्त आणि पाणी असतं, त्यामुळे हवेतून येणारं ऐकणं आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. अशा वेळी बोन कंडक्शनवरून अंदाज येतो, तोही आधीचा आकडा असेल तरच. लगेच सगळं गेलं म्हणून रडत बसू नका. उलट, आधी नीट असलेलं ऐकणं काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही घसरू शकतं. तसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग) सुरू करताना आणि नंतरच्या प्रत्येक फेरीत मशीनशिवायचा ऑडिओग्राम मागा, त्याच तीन फ्रीक्वेन्सींवर. नाहीतर नुसतं मॅपिंग (प्रोसेसरची आवाजाची जुळणी) करून घरी पाठवतात. ऐकणं टिकलं असेल तर मशीनच्या भागासाठी कानाचं माप नव्याने द्यावं लागेल. जुना मोल्ड (कानात बसणारा साचा) ढिला बसला की शिट्टी वाजते.